मरणोत्तर गौरवाचें औषध

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें भांडण झालें व त्यांतून प्रस्तुत लेख जन्मास आला. 'डॉक्टर हू' नांवाच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिकेंतील 'व्हिन्सेंट अँड द डॉक्टर' हा भाग आमच्या कन्येनें आग्रह करून आम्हांस पाहावयास लाविला. भाग संपला तेव्हां घरांतील तिन्ही माणसांचे डोळे ओले होते. आमचेहि होते, हें आरंभींच कबूल केलेलें बरें; कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें वाचून आमच्या ठायीं काळजाच्या जागीं दगड असल्याचा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु डोळे पुसतां पुसतां कन्या म्हणाली, "बाबा, निदान एकदां तरी त्याला कळलें!" आणि या एवढ्याशा वाक्यानें आमच्या मनांत जी कुरकुर उत्पन्न झाली ती अद्याप थांबलेली नाहीं. दुसरे दिवशीं महाविद्यालयांत हाच विषय निघाला असतां आमच्या तिघां तरुण सहकाऱ्यांनीं थोड्याफार फरकानें तेंच वाक्य उच्चारलें. त्यांतील एकानें तर शेवटचा प्रवेश प्रत्येक शाळेंत दाखवावा अशी सूचनाहि केली. तेव्हां या वाक्याचा समाचार घेणें आम्हांस कर्तव्य वाटूं लागलें.

असल्या विषयास वाङ्मयीन मासिकांत जागा कशाला, असें म्हणणारे कांहीं वाचक असतील. त्यांच्याशीं वाद घालण्यांत आम्ही फार वेळ दवडणार नाहीं. कालप्रवासाची कल्पना पोरकट म्हणावी, तर रेवतीला वर शोधण्याकरितां तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेलेला व तेथील गायन संपेपर्यंत थांबल्यामुळें पृथ्वीवरील सत्तावीस चतुर्युगें गमावून बसलेला ककुद्मी राजा भागवतांत आहे, आणि त्याच्या कथेला कोणी पोरकट म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. बी. बी. सी. नें ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं सुरू केली. १९८९ सालीं ती खंडित झाली व २००५ सालीं पुन्हां सुरू झाली. म्हणजे तिच्यावर पिढ्या वाढल्या आहेत. जी गोष्ट पाहून घरोघरचे आईबाप व मुलें एकत्र बसून रडतात, तिच्यांतील विचार तपासून पाहणें हें टीकाकाराचें काम नसेल, तर टीकाकारानें करावें तरी काय?

कथानक थोडक्यांत असें. डॉक्टर हा परग्रहावरचा, नऊशें वर्षे वयाचा परंतु दिसण्यांत तरुण असा प्रवासी. जुन्या लंडनांतील पोलिसांच्या निळ्या पेटीसारखें दिसणारें त्याचें यान काळांत पुढेंमागें जाऊं शकतें. एमी पाँड नांवाच्या तरुणीसह तो पॅरिस येथील ओर्से संग्रहालयांत व्हॅन गॉगचीं चित्रें पाहत असतां, ओव्हेर गांवच्या देवळाच्या चित्रांत, खिडकीमध्यें, त्याला एक विचित्र आकृति दिसते. दोघें तडक १८९० सालांत जातात. तेथें चित्राच्या मोबदल्यांत पेलाभर दारू मागणारा व नकार ऐकणारा व्हिन्सेंट त्यांना भेटतो. गांवचे लोक त्याला वेडा म्हणतात, प्रसंगीं दगडहि भिरकावतात. माणसें मारणारें एक जनावर गांवांत शिरलें आहे; तें कोणासच दिसत नाहीं, व्हिन्सेंटला मात्र दिसतें. देवळांत त्याचा शेवट होतो, आणि तें मरतांना कळतें कीं तें आंधळें होतें, त्याच्या कळपानें त्याला टाकून दिलें होतें, आणि भीतीपोटीं तें धुमाकूळ घालीत होतें. मग निरोपाच्या वेळीं डॉक्टर व्हिन्सेंटला २०१० सालांतील त्याच संग्रहालयांत घेऊन येतो. भिंतींवर आपलींच चित्रें, समोर माणसांची दाटी. आणि डॉक्टरनें विचारल्यावरून तेथील एक जाणता अधिकारी, आपल्या पाठीशीं कोण उभा आहे याची कल्पना नसतां, सांगतो कीं या चित्रकाराच्या तोडीचा दुसरा कोणी झाला नाहीं, यातनेचें असें सौंदर्य दुसऱ्या कोणास करतां आलें नाहीं. व्हिन्सेंट रडूं लागतो. त्याला परत पोंचविल्यावर एमी धांवतच संग्रहालयांत येते. तिची खात्री असते कीं आतां तो पुष्कळ वर्षे जगला असेल, आणखी शेंकडों चित्रें भिंतींवर लागलीं असतील. तसें कांहींच झालेलें नसतें. सदतिसाव्या वर्षीं त्यानें जीव दिला तो दिलाच. फरक एवढाच कीं सूर्यफुलांच्या चित्रावर आतां एमीचें नांव आहे.

या भागाचे गुण आम्ही झांकून ठेवणार नाहीं. ५ जून २०१० रोजीं प्रसृत झालेला हा भाग रिचर्ड कर्टिस यांनीं लिहिला आहे, आणि त्यांतील दोन प्रवेश कोणत्याहि चांगल्या नाटकांत शोभले असते. एकांत तिघेंजण रात्रीं गवतावर उताणीं पडून आकाश पाहतात व व्हिन्सेंट अंधारांतले रंग बोलून दाखवितो. दुसरा प्रवेश याहूनहि मोलाचा असून त्याच्याविषयीं कोणी बोलत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. व्हिन्सेंट बिछान्यावर पालथा पडून रडत आहे. डॉक्टर त्याची समजूत घालूं पाहतो. आशा नेहमींच असते असा आपला अनुभव सांगतो. त्यावर व्हिन्सेंट उसळून म्हणतो कीं मग तुझा अनुभव अपुरा आहे, आणि त्याला खोलीबाहेर घालवून देतो. नऊशें वर्षांच्या अनुभवाचा हा प्रवासी दाराबाहेर गप्प उभा राहतो. मनाच्या आजारापुढें शब्द किती तोकडे पडतात हें इतक्या थोडक्यांत क्वचितच दाखविलें गेलें असेल. टोनी करन या नटाचें काम येथें इतकें खरें उतरलें आहे कीं आमच्या एका आप्ताची आठवण होऊन आम्हीं क्षणभर पडद्यावरून नजर काढून घेतली.

आतां वादाकडे वळूं. ज्या लेखकाला मध्यावर इतकें कळलें होतें, त्यानेंच शेवटीं त्याच रोग्यापुढें शब्दांचें ताट वाढून ठेविलें. पार्श्वभागीं गाणें सुरू केलें. आणि प्रेक्षकांनीं मधला प्रवेश विसरून शेवटचा तेवढा उराशीं धरला. एमी निराश होते, डॉक्टर तिला सांगतो कीं आयुष्यांतल्या चांगल्या गोष्टींनीं वाईट गोष्टी पुसल्या जात नाहींत, तरी त्यांनीं चांगल्याचा ढीग थोडा वाढतो, हें सर्व खरें. लेखकाच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल, आणि तें आम्ही म्हणतोंहि. परंतु आमचा वाद मुख्यतः लेखकाशीं नाहीं. तो आहे या भागावर ओवाळून टाकलेल्या अश्रूंशीं, "निदान त्याला कळलें" या समाधानाशीं. लोकांनीं दुर्लक्ष केलें म्हणून तो खचला, आणि आज सारें जग त्याच्यापुढें नतमस्तक आहे म्हणून हिशेब पुरा झाला, अशी जी समजूत या प्रवेशानें घट्ट होते, ती आमच्या मतें खोटी आहे, आणि घातुकहि आहे.

सालवारीच्या चुका मोजीत बसणें हा आमचा छंद नव्हे. रात्रीचें पानगृह त्यानें सप्टेंबर १८८८ मध्यें आर्ल येथें रंगविलें, सूर्यफुलें त्याच्या आदल्या महिन्यांत, आणि ताऱ्यांची रात्र जून १८८९ मध्यें सँ-रेमी येथील रुग्णालयांत. तीं सर्व १८९० सालच्या एका गांवांत गोळा केलीं याबद्दल आमची कांहीं तक्रार नाहीं. कथेला तेवढी मोकळीक असावी. परंतु १८९० या सालाविषयींची एक गोष्ट अशी आहे कीं ती वगळल्यानें साऱ्या कथेचा अर्थच फिरतो. ज्या वर्षांत व्हिन्सेंटची स्तुति करणारें कोणी नव्हतें असें हा भाग गृहीत धरतो, त्याच वर्षीं त्याची स्तुति झाली होती, व ती त्याच्या कानांवर गेली होती. जानेवारी १८९० मध्यें अल्बेर ओरिए या तरुण टीकाकारानें पॅरिसमधील 'मेर्क्यूर द फ्रान्स' या नियतकालिकांत त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहिला व तो हातचें राखून लिहिला नाहीं. त्याच सुमारास ब्रुसेल्स येथील प्रदर्शनांत त्याचीं चित्रें मांडलीं गेलीं व त्यांतील 'तांबडा द्राक्षमळा' हें चित्र ॲना बॉख या चित्रकर्तीनें ४०० फ्रँकांस विकत घेतलें. मार्चमध्यें पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याचीं दहा चित्रें लागलीं. तेथें त्याचीं चित्रें सर्वांत सरस आहेत असें मोने म्हणाला, हें थिओनें भावाला पत्रानें कळविलें. मोने म्हणजे कोणी रस्त्यावरचा माणूस नव्हे.

मग या स्तुतीनें काय झालें? व्हिन्सेंटनें ओरिएला आभाराचें पत्र लिहिलें, सुरूच्या झाडांचें एक चित्र भेट म्हणून पाठविलें, आणि मोठ्या विनयानें सुचविलें कीं हें श्रेय गोगँसारख्या दुसऱ्यांचें अधिक आहे. पुढें एप्रिलच्या अखेरीस त्यानें थिओला लिहिलें कीं ओरिए यांना आणखी लेख न लिहिण्याची विनंती कर. दुःखानें आपण इतके ग्रासलों आहों कीं असल्या प्रसिद्धीस तोंड देणें आपल्याच्यानें होत नाहीं. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. संग्रहालयांतील तो प्रवेश कल्पिलेला आहे. हा घडलेला आहे. कल्पिलेल्या प्रवेशांत रोगी स्तुति ऐकून आनंदानें रडतो. घडलेल्या प्रवेशांत तो कान झांकून घेतो. या पत्रानंतर तीन महिन्यांच्या आंत, २७ जुलैला, त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली, व २९ जुलैला भावाच्या सोबतींत प्राण सोडला.

आमच्या सहकाऱ्यांपैकीं एकानें यावर विचारलें, "म्हणजे त्याची स्तुति करूंच नये कीं काय?" अवश्य करावी. परंतु ती चित्रांसाठीं करावी. रोग बरा व्हावा म्हणून नव्हे. त्याच्या आजाराचें नांव काय यावर वैद्यांचें आजहि एकमत नाहीं; पण तो आजार होता, लोकांच्या टाळ्यांची कमतरता नव्हती, एवढें खरें. भाग संपतांच बी. बी. सी. नें मनःस्वास्थ्य बिघडलेल्यांकरितां दूरध्वनीवर मदतीची सोय जाहीर केली होती. म्हणजे हें काम तज्ज्ञांचें आहे याची तिला जाणीव होती. प्रेक्षकांस ती राहिली नाहीं. ज्या घरांत असा रोगी होऊन गेला आहे, त्या घरच्यांनीं हा प्रवेश पाहून काय समजावें? आपणच त्याचें कौतुक करण्यांत कमी पडलों, चार शब्द अधिक बोललों असतों तर तो वांचला असता, असेंच ना? अशी टोंचणी आयुष्यभर उरांत घेऊन वावरणारे आईबाप आम्हीं पाहिले आहेत. त्यांना हें संगीताच्या साथीनें पुन्हां ऐकविणें ही भूतदया नव्हे.

दुसरी गोष्ट. हा प्रवेश पाहतांना प्रेक्षक कोणाच्या जागीं बसतो? एमीच्या. व्हिन्सेंटचा हात धरणाऱ्या, त्याला ओळखणाऱ्या त्या सुस्वभावी मुलीच्या जागीं. दगड मारणाऱ्यांच्या जागीं कोणी बसत नाहीं; ते कुरूप, आरडाओरडा करणारे गांवढळ लोक असतात व दोन मिनिटांत पडद्यावरून जातात. प्रत्यक्षांत आर्ल येथें १८८९ च्या आरंभीं त्याच्याविरुद्ध नगराध्यक्षाकडे अर्ज गेला. त्यावर सुमारें तीस जणांच्या सह्या होत्या; हे सारे त्याचे शेजारीपाजारी, घरेंदारें असलेले लोक. हा माणूस धोक्याचा आहे, याला एक तर घरच्यांनीं घेऊन जावें नाहीं तर कोठें तरी बंदोबस्तांत ठेवावें, अशी त्यांची मागणी होती, व त्या पायीं त्याला पुन्हां रुग्णालयांत नेण्यांत आलें. त्याचा पिवळा रंग दिलेला बिऱ्हाडाचा भाग कुलूपबंद झाला. आपल्या इमारतींत असा एक भाडेकरी असतां, तो रात्रीबेरात्रीं ओरडत असतां, आपल्या मुलीबाळी त्याच जिन्यानें जातयेत असतां, त्या अर्जावर आपण सही केली नसती असें छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील? आम्ही आपल्यापुरतें म्हणूं शकत नाहीं. सहकारी गृहसंस्थेच्या सभेंत याहून किरकोळ कारणासाठीं आम्हीं हात वर केलेला आहे.

कालप्रवासाच्या यंत्राची खरी सोय येथें आहे. सव्वाशें वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसाला ओळखण्यास आज कांहींच खर्च येत नाहीं. त्याची दारूची उधारी आपणांस द्यावी लागत नाहीं, त्याचे झटके आपणांस सांवरावे लागत नाहींत. त्याच्या चित्रांची योग्यता आपल्यासाठीं इतरांनीं ठरवून, चौकटींत बसवून, खालीं नांवाची पट्टी लावून ठेविली आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आमच्या आजीच्या तोंडीं नेहमीं असे, आणि ती म्हणतांना आजी कधीं रडत नसे.

परंतु आमची मुख्य तक्रार अजून पुढेंच आहे. चित्रकाराचा मृत्यु १८९० आणि संग्रहालयांतील दाटी २०१०, या दोहोंच्या मध्यें काय झालें? निळी पेटी एका झेपेंत मधलीं एकशेंवीस वर्षे ओलांडून जाते, व प्रेक्षकाची अशी समजूत होते कीं तीं वर्षे रिकामींच होतीं. काळानें आपणहून न्याय केला. आंबा जसा आढींत पिकतो तशी कीर्ति पिकली. "काळच खरा परीक्षक" हें वाक्य आपण वक्तृत्वसभांत इतक्यांदा ऐकलें आहे कीं त्यांतील असत्य आपणांस टोंचेनासें झालें आहे. काळ कांहीं करीत नाहीं. काळाच्या हातीं सोंपविलेलीं चित्रें माळ्यावर पडतात, त्यांना ओल लागते, मग तीं कोणी तरी जुन्या बाजारांत नेऊन टाकतो.

व्हिन्सेंटचीं चित्रें त्या वाटेनें गेलीं नाहींत याचें कारण एक बाई. तिचें नांव योहाना, घरच्यांची यो. १८६२ सालीं ॲमस्टरडॅमला जन्मलेली ही मुलगी इंग्रजी शिकलेली, इंग्रजीची शिक्षिका. एप्रिल १८८९ मध्यें तिचें थिओशीं लग्न झालें. थिओ पॅरिसमध्यें चित्रांच्या पेढीवर नोकरीस होता व वर्षानुवर्षे आपल्या पगारांतून भावाचें खाणेंपिणें, रंग, कापड, सर्व पुरवीत होता. (मालिकेच्या या भागांत थिओ कोठेंच दिसत नाहीं. व्हिन्सेंट जगांत एकटाच होता असें दाखविल्यावर थिओला ठेवणार कोठें?) जानेवारी १८९० अखेर त्यांना मुलगा झाला व त्याचें नांव काकाचेंच ठेविलें. जुलैमध्यें व्हिन्सेंट गेला. त्यानंतर सहा महिन्यांत, २५ जानेवारी १८९१ रोजीं, थिओहि गेला. अठ्ठावीस वर्षांच्या योच्या पदरांत वर्षाचें मूल, आणि शेंकडों चित्रें, कीं ज्यांना बाजारांत जवळजवळ कांहींच किंमत नव्हती. ज्याचीं तीं चित्रें त्या दिराचा तिला सहवास सारा मिळून आठवडाभराचाहि नव्हता.

चित्रांचा नाद सोडावा असाच सल्ला तिला मिळाला होता. तिनें तो मानला नाहीं. हॉलंडमध्यें बुसम या गांवीं घर घेऊन तिनें खानावळ काढली. जेवणारे सांभाळावे, मूल सांभाळावें, भाषांतरें करून चार पैसे मिळवावे, आणि उरलेल्या वेळांत चित्रें व पत्रें. नाक मुरडणाऱ्या टीकाकारांना तिनें पत्रें लिहिलीं, चित्रें पुन्हां पाहावयास लाविलीं, व त्यांच्यांतील कांहींचें मत पालटविलें. कोणतें चित्र विकावें, कोणतें प्रदर्शनापुरतें द्यावें, कोणतें मुळींच हातचें जाऊं देऊं नये, याचा हिशेब तिनें एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्यासारखा ठेविला. १९०५ सालीं ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाचीं दालनें भाड्यानें घेऊन तिनें साडेचारशेंहून अधिक चित्रें व रेखाटनें मांडलीं. लोक आले ते त्यानंतर.

आणि पत्रें! व्हिन्सेंटनें थिओला लिहिलेलीं साडेसहाशेंच्या आसपास पत्रें आज उपलब्ध आहेत. पुष्कळांवर तारीख नाहीं. मागचापुढचा संदर्भ पाहून तीं लावण्यांत तिचीं वर्षे गेलीं, व १९१४ सालीं तीं तीन खंडांत प्रसिद्ध झालीं. इतका उशीर कां, याचें जें कारण तिनें प्रस्तावनेंत दिलें आहे तें आमच्या या वादांत निर्णायक आहे. ज्या कामासाठीं या माणसानें आयुष्य वेंचलें त्या कामाला योग्य ती मान्यता मिळण्यापूर्वीं त्याच्या व्यक्तिगत आयुष्याविषयीं लोकांचें कुतूहल चाळविणें हा त्याच्यावर अन्याय झाला असता, अशा अर्थाचें तें कारण आहे. आधीं चित्रें पाहा, मग अश्रू ढाळा, असें त्या बाईनें जगाला बजावलें. जग तेव्हांपासून उलट क्रमानेंच चालत आलें आहे. १९३४ सालची अर्व्हिंग स्टोन यांची कादंबरी आली, १९५६ सालीं तिच्यावरून बोलपट झाला, आणि मग हा भाग. कान, बंदूक, वेड हें प्रथम. मग सवड झाली तर पिवळा रंग.

येथें आम्हांस ठराविक उत्तर मिळतें कीं पंचेचाळीस मिनिटांच्या गोष्टींत किती म्हणून सांगावें, ती कांहीं चरित्र नव्हे. आम्हांस हें उत्तर मान्य नाहीं. संग्रहालयांतील तो अधिकारी मिनिटभर बोलतो. त्या मिनिटांत "हीं चित्रें येथें आहेत तीं त्याच्या भावजयीमुळें" एवढे शब्द बसविण्यास कोणतेंच यंत्र लागलें नसतें. ते शब्द ऐकून व्हिन्सेंटहि अधिक रडला असता असें आम्हांस वाटतें. कारण मग त्याला कळलें असतें कीं आपल्या माघारीं कोणी तरी आपलें ओझें उचलणार आहे, आणि तें कोण. पण मग प्रेक्षकांचें समाधान बिघडलें असतें. थोर माणूस एकटा, जग आंधळें, आणि काळ न्यायी, या तिपेडी वेणींत खानावळ चालविणाऱ्या बाईला जागा नाहीं. तिला आणली कीं प्रेक्षकाच्या मनांत लगेच प्रश्न येणार: मग मीं काय केलें? लहान मुलांची मालिका आहे म्हणून इतकें मनावर घेऊं नये, असेंहि एक जण म्हणाले. लहान मुलांची आहे म्हणूनच आम्ही मनावर घेत आहों.

या ठिकाणीं आम्हांस स्वतःविषयीं थोडें सांगावें लागत आहे. आमचे एक गुरुजी होते. एका लहानशा गांवच्या महाविद्यालयांत त्यांनीं जन्म काढला, विषय भाषेचा. पायीं खेडोपाडीं हिंडून कुणब्यांच्या, सुतारांच्या, कुंभारांच्या तोंडचे शब्द गोळा करावे व जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत लिहून ठेवावे हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. एका नांगराच्याच निरनिराळ्या भागांना तालुक्यागणिक कशीं वेगळीं नांवें आहेत हें त्यांनीं आम्हांस एकदां दुपारभर दाखविलें होतें. हयातींत त्यांचें पुस्तक निघालें नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं ते वारले. शोकसभा उत्तम झाली. पांच भाषणें झालीं, त्यांतील एक आमचें होतें, व तें चांगलें झाल्याचें पुष्कळांनीं सांगितलें. एका चौकास त्यांचें नांव देण्याचा ठराव झाला. तेराव्यानंतर काकू एका रिक्षांत लोखंडी ट्रंक घालून संस्थेच्या कचेरींत आल्या. वह्या संस्थेनें ठेवून घ्याव्या, एवढेंच त्यांचें म्हणणें. जागा नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें. आम्ही तेथें बसलों होतों. आमच्या घरीं तेव्हां एक खोली रिकामी होती. काकूंनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं, पुढें कांहीं तरी करूं, असें म्हटलें व चहा मागविला. काकू ट्रंक घेऊन परत गेल्या. पुढें त्या पुतण्याकडे राहावयास गेल्या, व एका पावसाळ्यांत पत्र्याखालीं ठेवलेल्या ट्रंकेंत पाणी शिरलें. हें आम्हांस त्यांच्या मृत्यूनंतर कळलें. चौकास गुरुजींचें नांव आहे. पाटीवरील अक्षरें आतां पुसट झालीं आहेत, परंतु वाचतां येतात.

हें आमच्या कन्येला आम्हीं परवां प्रथमच सांगितलें. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, "मग त्या डॉक्टरनें जायला कुठें हवं होतं?"

आमचें उत्तर असें कीं बुसमला. साल १८९२ किंवा ९३, वेळ रात्रीची. जेवणारे जेवून गेलेले, मूल झोंपलेलें, भिंतीवर कोणी न घेतलेलीं चित्रें, आणि टेबलावर तारीख नसलेल्या पत्रांचा ढीग. ज्या स्तुतीची गरज कोणास असेल तर ती त्या खोलींत होती. व्हिन्सेंटनें ओरिएच्या लेखासारखी ती नाकारलीहि नसती, आणि नाकारली असती तरी तिचें काम थांबलें नसतें. तेथें पेटी उतरवून, फार नव्हे, एवढेंच सांगावयाचें होतें कीं बाई, पुढें १९२४ सालीं लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहाकरितां सूर्यफुलांचें चित्र तुमच्यापाशीं मागतील, तें तुमच्या जिवावर येईल, तरी दिराच्या नांवासाठीं तुम्ही तें द्याल. आणि तुमचा हा मुलगा इंजिनिअर होईल व उरलेलीं चित्रें एकत्र राखील, त्यांचें संग्रहालय १९७३ सालीं ॲमस्टरडॅमला उघडेल. एवढें सांगून डॉक्टरनें निघून जावें. खानावळीचीं भांडीं पडलेलीं असतात.

तिचें सविस्तर चरित्र डच भाषेंत निघालें तें २०१९ सालीं, म्हणजे हा भाग प्रसृत झाल्यानंतर नऊ वर्षांनीं. हान्स लौटेन यांनीं तें लिहिलें. मालिकेच्या लेखकास तें वाचावयास मिळालें नव्हतें, एवढी सवलत आम्ही त्यांना देतों. पत्रांचे खंड मात्र १९१४ पासून छापलेले होते. त्यांचा इंग्रजी अनुवादहि ती स्वतःच करीत होती, आणि २ सप्टेंबर १९२५ रोजीं ती वारली तेव्हां तो पुरा व्हावयाचा होता.